उसनं टोक

कारखान्यात कॉलरवालीला खऱ्या नावानं हाक मारणारं एकही माणूस नव्हतं. तिथं कामावरून नाव पडतं. बाही लावते ती बाहीवाली, काजं करते ती काजवाली, आणि एकदा पडलेलं नाव काही केल्या सुटत नाही. एका बाईला पॅकिंगमधून इस्त्रीवर टाकून चार वर्षं झाली, तरी ती अजून खोकेवालीच आहे. आपली बाई सोळा वर्षं कॉलर लावत होती. मोठ्यांच्या शर्टाच्या, शाळेच्या गणवेशाच्या, आणि अलीकडे तर अंगावर पिणाऱ्या पोरांच्या झबल्यांच्यासुद्धा. दात न आलेल्या पोराला कॉलर कशाला हवी, हे विचारायची सोय नव्हती. ज्यांना हवी होती ते समुद्रापलीकडे राहत होते, आणि त्यांना कॉलर हवी होती म्हणून हिला काम होतं.

गावातून तिला आणलं तिच्या नणंदेनं. नणंद वयानं मोठी, नवऱ्यानं टाकलेली. माहेरी परत आली तेव्हा पहिले चार महिने सगळे हळहळले, पाचव्या महिन्यापासून ताटातलं मोजायला लागले. तोंडाची फटकळ आणि मनाची ताठ अशी ती बाई एक दिवस कपड्यांची पिशवी उचलून शहरात निघून आली. पाच वर्षांनी गावी आली ती भावजयीला न्यायलाच. घरात खाणारी तोंडं पाच आणि शेतात काम एकाच माणसाचं. भाऊ राहिला शेतावर आणि म्हाताऱ्या आईजवळ, भावजय आली शहरात. "दोन वर्षं कर, मग बघू," असं ठरलं होतं. असली 'मग बघू' कुणी बघितली आहेत? मध्ये एक मुलगी झाली. ती पाच महिन्यांची असताना तिला सासूच्या मांडीवर ठेवून आई परत मशीनवर बसली. आता मुलगी अकरा वर्षांची आहे आणि आजीला 'आई' म्हणते. हिला ती 'शहरातली आई' म्हणते. जगातल्या किती पोरांच्या गळ्याभोवती हिनं कॉलर बसवली असेल, पण स्वतःच्या पोरीचं झबलं बदलायला मिळालं ते फक्त पाच महिने. हे दुःख ती कुणापाशी बोलत नसे, कारण लाइनीतल्या दर तिसऱ्या बाईचं तेच होतं. रोज मरे त्याला कोण रडे.

दोघी एका खोलीत राहत. खोली दहा बाय दहाची, खिडकी उघडली की समोरच्या इमारतीची भिंत हाताला लागते. बाहेर बोळात एक नळ, त्यावर चार बिऱ्हाडं. नणंद-भावजयीचं सोळा वर्षं एका चुलीवर जमलं, हा लोकांना चमत्कार वाटे. खरं कारण साधं होतं. दिवसाचे अकरा तास कारखान्यात गेल्यावर भांडायला अंगात जीव उरत नाही. तरी रविवारी कपडे धुताना थोडं भांडण होईच. साबण कोण जास्त झिजवतं, यावर. भावजय तिला 'वन्सं' म्हणे आणि ती भावजयीला 'अगं' म्हणे, राग आला की 'राणीसाहेब'.

नणंदेनं बारा वर्षं मशीन चालवलं आणि मग तिची पाठ गेली. डॉक्टरनं वाकून बसायचं नाही म्हणून सांगितलं. मशीनवर ताठ बसून कोण शिवतं? नोकरी जायची, पण तिनं हातापाया पडून सुईची खिडकी मिळवली. त्या सबंध मजल्यावर पाठ टेकायची खुर्ची एकच होती, ती या खिडकीच्या आत. ती खुर्ची म्हणजे नणंदेचं राज्य, आणि तिच्या म्हातारपणाची काठीही तीच होती. कारण मशीन आता तिला जमणार नव्हतं, आणि गावाकडे परत जायचं म्हणजे पुन्हा मोजलेलं ताट.

आता ही सुईची खिडकी काय, ते सांगायला हवं.

मशीनची सुई मोडते. दिवसात मजल्यावर दहा-बारा तरी मोडतातच. मोडली की नियम असा, की हात वर करायचा, मशीन बंद करायचं आणि सुईचे सगळे तुकडे शोधायचे. लोहचुंबक घेऊन जमिनीवर, कपड्यात, मांडीवर, केसांतसुद्धा. सगळे तुकडे घेऊन खिडकीपाशी जायचं. तिथं ते कागदावर एकापुढे एक मांडून, अख्खी सुई जुळली असं बघून, रजिस्टरात पारदर्शक पट्टीनं चिकटवायचे. शेजारी मशीनचा नंबर, वेळ, शिवणारीची सही आणि खिडकीवालीची सही. मगच नवी सुई. नियम चांगलाच होता. कपड्यात राहिलेला तुकडा कुणाला तरी टोचणार, म्हणून तो केलेला. पण एखादा तुकडा सापडला नाही, तर आजूबाजूचे सगळे बंडल उचलून बाजूला ठेवत, लाइन थांबवत, आणि राहिलेलं काम सुटी झाल्यावर सबंध लाइनीला बसून पुरं करावं लागे. चाळीस बायकांची शेवटची बस चुकणार. मग त्या चाळीसजणी जिच्यामुळे हे झालं तिच्याकडे ज्या नजरेनं बघत, ती नजर कोणत्याही सुईपेक्षा वाईट.

म्हणून बायकांनी आपला उपाय काढला होता. हरवलेलं टोक दोन दिवसांनी झाडताना कुठंतरी सापडतंच. ते फेकायचं नाही. मशीनच्या फळीखाली, स्पंजच्या तुकड्यात खुपसून ठेवायचं. कुणाचं टोक हरवलं की शेजारीण हळूच विचारते, "उसनं देऊ का?" जशी वाटीभर साखर उसनी देतात, तसंच. नंतर हिचं हरवलेलं सापडलं की ते तिच्या स्पंजात. कोण पहिल्यांदा शिकलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणाला यात पाप वाटत नव्हतं, कारण पॅकिंगच्या आधी कपडे एका यंत्रातून जात. त्यात लोखंडाचा कण असला की यंत्र ओरडतं. "पुढं यंत्र आहे ना," असं म्हटलं की झालं.

त्या दिवशी झबल्यांचं मोठं काम चालू होतं. माल दोन दिवसांत जहाजावर चढायचा होता. लाइनीवर देखरेख करणाऱ्या मास्तराला बायका 'पळापळा' म्हणत, कारण सकाळी आल्यापासून त्याच्या तोंडात दुसरा शब्द नसे. तो मागून येऊन टाळ्या वाजवत होता. कॉलरवालीनं कापड सुईखाली सरकवलं, डाव्या हाताचं पहिलं बोट नेहमीसारखं शिलाईपुढं धरलं, आणि टाळी ऐकून की काय, पाय जरा जास्त दाबला गेला. सुई बोटातून आरपार गेली आणि मोडली.

ती ओरडली नाही. मशीनवरची बाई बोटात सुई गेल्यावर आधी काय बघते? रक्त कपड्याला लागलं का ते. तिनं बोट झटकन ओढून घेतलं, कातरणीची एक चिंधी गुंडाळली आणि झबलं उलटंपालटं करून बघितलं. डाग नव्हता. जीव भांड्यात पडला. मग सुईचे तुकडे शोधले. वरचा तुकडा मशीनमध्येच होता, मधला मांडीवर सापडला. टोक नव्हतं.

लोहचुंबक फिरवलं, झाडू फिरवला, ओढणी झटकली. नाही म्हणजे नाही. पळापळा दोन मशीन सोडून उभा होता आणि मान वळवत होता. शेजारच्या बाहीवालीनं मान न उचलता विचारलं, "उसनं देऊ?"

कॉलरवालीनं हात पुढं केला.

खिडकीपाशी नणंद चष्मा नाकावर ओढून बसली होती. तीन तुकडे कागदावर मांडले. वरचा, मधला, टोक. नणंद क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिची नजर भावजयीच्या बोटावरच्या चिंधीकडे गेली.

"फार लागलं का गं?"

"नाही हो. वरवरचं आहे."

"जप जरा," असं म्हणून नणंदेनं पट्टी दाबून चिकटवली. दोघींनी सह्या केल्या. नवी सुई मिळाली. सगळं मिळून सहा मिनिटं गेली असतील, आणि पळापळानं ती सहाही मिनिटं ऐकवली.

दुपारी जेवणाच्या सुटीत बाहीवाली सहज म्हणाली, "यंत्राचं काय झालं कळलं का? झबल्यांना लोखंडी बटणं आहेत ना, म्हणून ते प्रत्येक कपड्याला कोकलायला लागलं. मग काय, बंदच करून ठेवलंय. माल जाईपर्यंत."

कॉलरवालीच्या हातातला घास तसाच राहिला.

डबा तसाच झाकून ती मशीनपाशी परत आली. तिचं सकाळचं बंडल बाहीवालीच्या पुढं पडलं होतं, वीस झबली. एक एक उचलून तिनं कॉलर चिमटीत धरून चाचपली. शिवण, घडी, आतलं अस्तर, सगळं. दुखऱ्या बोटानंच चाचपत होती, कारण सोळा वर्षांत कापडातलं काय ते त्याच बोटाला कळत आलं होतं. ठणका लागला तरी थांबली नाही. विसाव्यापर्यंत काही सापडलं नाही. पण तेवढ्यानं मनाचं समाधान होतंय थोडंच? आधीच्या बंडलात उडालं असेल तर? ती बंडलं पुढं गेली होती. सुटी संपल्याची शिट्टी झाली, आणि ही वीसही गेली.

दोन दिवसांनी माल निघाला. ट्रकमध्ये खोकी चढताना तिनं जिन्यातल्या खिडकीतून बघितलं. तिच्या डोळ्यांपुढं एकच चित्र यायला लागलं. कुठलीतरी बाई आपल्या पोराला न्हाऊ घालून नवं झबलं चढवते आहे. पोर रडायला लागतं. बाई त्याला पाजते, खांद्यावर घेते, पोट दाबून बघते. पोराला बोलता येत नाही. ते मान हलवतं आणि जास्तच रडतं. पोरं रडतातच, असं म्हणून ती बाई त्याला थोपटत राहते, आणि थोपटताना तिचाच हात त्या कॉलरीवर पडतो.

हे चित्र बसमध्ये येई, नळावर येई, मशीनवर येई. आता तोंड उघडून तरी काय उपयोग होता? बोलायला हवं होतं ते त्या सहा मिनिटांत. चाळीसजणींच्या बसपायी एका तान्ह्याचा जीव आपण टांगणीला लावला, असं तिच्या मनानं घेतलं, आणि ते खोटं होतं असं म्हणता येणार नाही.

बोटाकडे तिचं लक्ष नव्हतं. जखम आठवड्यात भरून आली, पण बोट आतून सुजलं. तिनं कारखान्यातल्या नर्सबाईला दाखवलं. नर्सबाईकडे एकच पांढरी गोळी होती, डोकं दुखो, पोट दुखो, पाळी असो की ताप. ती मिळाली. तिसऱ्या आठवड्यात बोट वाकेनासं झालं. कॉलरीचं टोक उलटून बाहेर काढायला तेच बोट लागतं. दिवसाला पाचशे कॉलर लावणारी बाई तीनशेवर आली. पळापळानं तिला मशीनवरून उठवून धागे कापायला बसवलं, जिथं नव्या पोरींना बसवतात. तिला वाटत होतं, हे भोगायलाच हवं. आपण केलं, आपल्याला लागलं.

रविवारी कपडे धुताना नणंदेनं तिचा हात धरून उजेडात ओढला. बोट काळंनिळं झालं होतं, आणि कोपरापर्यंत लाल रेघ चढली होती.

"राणीसाहेब, हात झडून पडल्यावर सांगणार होता का?"

तेव्हा तिला रडू फुटलं. बोटासाठी नाही. साबणाच्या पाण्यात बसून तिनं सगळं सांगितलं. उसनं टोक, बंद यंत्र, वीस झबली, रडणारं पोर. नणंद ऐकत राहिली. ती चिडेल, आपली सही खोटी पाडली म्हणून तोडून टाकेल, असं कॉलरवालीला वाटलं होतं. नणंद फक्त एवढंच म्हणाली, "उद्या अर्धी रजा टाक. मोठ्या दवाखान्यात जाऊ."

सरकारी दवाखान्यात तीन रांगा लागल्या. केसपेपरची, तपासायची आणि फोटोची. डॉक्टरीणबाई वयानं लहान होती आणि सकाळपासून उभी होती. तिनं हाताच्या फोटोची काळी फिल्म उजेडावर धरली आणि बोट दाखवलं. हाडाला टेकून एक पांढरी बारीक रेघ होती, तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान.

"हे काय आहे?" डॉक्टरीणबाईनं विचारलं. "सुई गेली होती का बोटात?"

कॉलरवाली फिल्मकडे बघत राहिली. मग ती हसायला लागली. तोंडावर हात दाबूनही हसू थांबेना, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "इथं आहे," ती नणंदेला म्हणाली, "वन्सं, इथं आहे हो! माझ्यातच आहे! काखेत कळसा आणि गावाला वळसा!" रांगेतली माणसं वळून बघायला लागली. डॉक्टरीणबाईला वाटलं, बाईला काही समजलेलं नाही, म्हणून ती हळू आवाजात एक एक शब्द सांगू लागली. आत पू झालाय. हाडाला लागलंय. उघडून काढावं लागेल. बोट राहील की पेरापासून काढावं लागेल, ते उघडल्यावरच कळेल. कॉलरवाली प्रत्येक वाक्याला मान डोलवत होती, आणि तिचा चेहरा असा उजळला होता, की मुलगी झाली त्या दिवसानंतर नणंदेनं तो तसा पाहिलाच नव्हता. कुठल्याही पोराच्या गळ्यात काही नव्हतं. तीन आठवड्यांत तिला पहिल्यांदा पोटभर श्वास घेता आला.

ते सुख बसच्या थांब्यापर्यंत टिकलं.

दोघी निघताना डॉक्टरीणबाईनं एक गोष्ट बजावली होती. इजा कामावर झाली असं कारखान्याचं पत्र आणा. पत्र असलं तर उपचार कामगारांच्या दवाखान्यात होतील, आणि बरं होईपर्यंत कारखान्याला जागा राखून ठेवावी लागेल. एक बोट गेलं तरी चेकिंगला किंवा पॅकिंगला बसता येतं. पत्र नसलं तर ही नुसती गैरहजेरी, आणि दहा दिवस गैरहजर राहिलं की नाव कटतं. अडतीस वर्षांच्या, नऊ बोटांच्या बाईला दुसरा कुठलाही कारखाना गेटच्या आत घेणार नव्हता. तिला ते माहीत होतं, नणंदेलाही माहीत होतं.

"पत्र मागायचं म्हणजे ते रजिस्टर उघडणार," बसमध्ये नणंद म्हणाली.

"टोक उसनं घेतलं, असं मी सांगेन. तुमचं नाव नाही घेणार."

"नाव कशाला घ्यायला हवं? सही आहे की माझी." मग ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मला दिसलं होतं गं. तुझी सुई अकरा नंबरची आणि ते टोक चौदाचं. एकवीस वर्षं सुया बघत्येय मी. जाडीचा फरक डोळे मिटून कळतो. तरी चिकटवलं. तुझा चेहरा बघितला आणि चिकटवलं."

खरं सांगितलं तर वन्संची खुर्ची जाणार, नाही सांगितलं तर आपली जागा. आपलेच दात आणि आपलेच ओठ. दोघींपैकी एकीनं तरी कामावर राहायला हवं होतं, नाहीतर गावाकडची चूल कशावर पेटणार होती? अर्ध्या वाटेत नणंदच म्हणाली, "तू खरं सांग. माझं मी बघेन." तिचा आवाज नेहमीसारखा फटकळ होता, पण मांडीवरची पिशवी तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत दोघी ऑफिसात गेल्या. मोठे साहेब सभ्य माणूस होते. त्यांनी बसायला सांगितलं, पाणी मागवलं, फिल्म उजेडावर धरून बघितली आणि च् च् केलं. मग रजिस्टर आणवलं. त्या दिवसाचं पान काढून त्यांनी ते फिरवून तिच्यापुढं सरकवलं.

"तुमची सुई तर इथं पूर्ण आहे, बाई. तीन तुकडे. ही सही तुमचीच ना? मग बोटात आहे ती कुणाची सुई?"

तिनं सांगितलं. टोक सापडलं नाही, म्हणून दुसरं लावलं. कुणाकडून घेतलं ते सांगितलं नाही. नणंद खुर्चीवरून उठून उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, ते टोक जाड आहे. चौदाचं. मला तेव्हाच कळलं होतं. चूक माझी आहे. मोजपट्टी लावून बघा."

साहेबांनी मोजपट्टी घेतली नाही. त्यांनी रजिस्टर मिटलं.

दोघी आपापल्या परीनं मरायला तयार होऊन आल्या होत्या. एकीनं नोकरी द्यायची आणि दुसरीनं बोट, असा मनाशी सौदा झाला होता. आपलं खरं कुणाला नकोच असेल, असं दोघींच्याही मनात आलं नव्हतं. साहेब दाराकडे बघून अगदी हळू बोलले. "हे टोक खोटं म्हटलं, तर पानावरची बाकीची खरी कशावरून? मग हे रजिस्टरच खोटं. मग गेलेला सगळा माल परत. पुढचं काम बंद. या इमारतीत अकराशे बायका आहेत. त्यांना तुम्ही सांगणार आहात का, की एका बोटापायी घरी बसा?" त्यांनी मिटलेल्या रजिस्टरावर हात ठेवला. "रजिस्टर बरोबर आहे. तुमच्या नणंदबाईंनी काम चोख केलंय. त्यांची काही चूक नाही. तुम्हाला घरी शिवताना लागलं."

"साहेब, आमच्या खोलीत मशीन नाही."

"शेजारी असेल."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तो असा. वर प्यायला पाणीही दिलेलं. कारकुनानं कागद टाइप करून आणला. इजा राहत्या जागी, खाजगी शिवणकाम करताना झाली. खाली सही तिची, आणि एकत्र राहणारी नातेवाईक साक्षीदार म्हणून नणंदेची. सही झाली तर नणंदेची खिडकी कायम. झाली नाही तर खोट्या नोंदीबद्दल चौकशी लावावी लागेल, दोघींची. हे साहेबांनी धमकी म्हणून सांगितलं नाही, पावसापाण्याचं सांगावं तसं सांगितलं.

कॉलरवालीनं आधी सही केली. उजवा हात धड होता. मग पेन नणंदेपुढं ठेवलं. नणंद पेनाला हात लावेना.

"करा, वन्सं," ती म्हणाली.

नणंदेनं सही केली. रजिस्टरात रोज करायची तशी झरझर नाही. एक एक अक्षर काढून केली.

कागद उचलून साहेब म्हणाले, "लवकर बऱ्या व्हा. गळ्यातलं कार्ड तेवढं कारकुनाकडे देऊन जा."

दाराशी जाऊन कॉलरवाली थांबली. तिला भांडायचं नव्हतं, खरंच विचारायचं होतं. "साहेब, टोक माझ्या बोटात निघालं, म्हणून बरं झालं. तुम्हाला तर आज कळलं. नसतं निघालं, तर ते कुठल्या पोराच्या कॉलरीत गेलं, असा प्रश्न तुम्हाला कुणाला पडला असता का हो?"

साहेब कागदाला टाचणी लावत होते. "या आता," ते म्हणाले.

भावजयीला सोडायला खाली निघालेली नणंद जिन्यावर मधल्या मजल्याशी कठड्याला धरून उभी राहिली. तिची पाठ दुखत असेल असं भावजयीला वाटलं. पण नणंद तिच्याकडे न बघता म्हणाली, "तू माझ्या जागी असतीस, तर केली असतीस का सही?"

कॉलरवालीनं विचार केला. खोटं बोलून वन्संना बरं वाटलं असतं की आणखी वाईट, ते तिला कळेना. तिच्या पोटात राग होता. करा म्हणून आपणच म्हटलं, तरी यांनी एकदा, निदान एकदा तरी, नाही म्हणावं असं तिला वाटलं होतं. पण सोळा वर्षांत त्या बाईशी ती साबणाशिवाय कशाबद्दल खोटं बोलली नव्हती.

"केली असती," ती म्हणाली.

नणंदेनं मान हलवली. खाली शिट्टी झाली. सुटी संपली होती. दोन मिनिटं उशीर झाला तरी अर्धा दिवस जातो, आणि आता तर एकीचाच दिवस राहिला होता. नणंद दुखऱ्या पाठीनं, कठड्याला धरून, जमेल तेवढ्या घाईनं जिना चढून वर गेली. "संध्याकाळी मी येईपर्यंत हात पाण्यात घालू नकोस," असं वरून ओरडली. तिचा आवाज चिरका झाला होता.

कॉलरवाली गेटबाहेर येऊन भिंतीच्या सावलीला उभी राहिली. सोळा वर्षांत कामाच्या दिवशी या वेळी ती कधी बाहेर नव्हती. भर दुपारी कुठं जायचं असतं, हे तिला माहीत नव्हतं. आतून मशीनचा आवाज येत होता. इतक्या मशीनमधून आपलं कुठलं, ते तिला बाहेरूनही ओळखू आलं असतं, असं तिला आजवर वाटायचं. आलं नाही. तिच्या जागी बसवलेली मुलगी ते चालवत असेल. बोट जरा मागं धर, असं तिला कुणी सांगितलं असेल का, याचा ती विचार करत होती, तेवढ्यात गेटवाला बाहेर आला. रोज सकाळी तिचं कार्ड बघून तिला आत सोडणारा तोच माणूस. त्यानं तिच्या गळ्याकडे बघितलं, जिथं कार्ड असायचं.

"बाई, इथं थांबता येणार नाही," तो म्हणाला. "कुणाकडे काम आहे तुमचं?"